द्रावणात स्पेक्ट्रम बदलतो, फिल्ममध्ये का नाही? प्रकाशाला प्रतिसाद देणारं पॉलिमर ऑप्टिक्ससाठी घडवताना

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने अझोबेंझीनचा, म्हणजे प्रकाशाने आकार बदलणाऱ्या रेणूचा, मेथॅक्रिलेट मोनोमर तयार केला. अझोबेंझीन आणि मुख्य साखळी यांच्यामध्ये सहा कार्बनचा स्पेसर ठेवला आणि त्याचं पॉलिमर केलं. टीएचएफ या द्रावकातल्या द्रावणावर ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की स्पेक्ट्रम झपाट्याने बदलतो. तेच पॉलिमर काचेवर स्पिन कोट केलं, म्हणजे काच गरगर फिरवून त्याची पातळ फिल्म काढली, की बदल जवळजवळ दिसत नाही. तिला या फिल्मवर लेझरने ग्रेटिंग, म्हणजे समांतर बारीक रेषांची जाळी, लिहायची आहे, पुसायची आहे आणि पुन्हा लिहायची आहे. "याहून चांगला डाय सुचवा," असं तिने विचारलं आहे.

डाय, म्हणजे प्रकाश शोषणारा रंगरेणू, शेवटी ठरवा. पाषाणच्या परिसरात बरीच वर्षं याच प्रकारच्या पॉलिमरवर काम करते आहे, आणि माझं हे मत दरवर्षी जास्तच पक्कं होतं. प्रकाश फिल्ममध्ये किती खोल जातो, रेणूला वळायला जागा किती आहे आणि झालेला बदल किती वेळ टिकायला हवा, एवढं ठरलं की डाय निवडण्यासारखं फार काही उरत नाही. आपल्याकडे प्रकल्प बहुतेक वेळा उलट्या बाजूने सुरू होतात: आधी सुंदर रेणू, मग त्याचं पॉलिमर, आणि शेवटी "आता याचं ऑप्टिक्समध्ये काय करता येईल?"

तर आधी तुमच्या फिल्मचा हिशोब मांडू. तुमच्या मोनोमरचा रेणुभार साधारण ३६६. पॉलिमरची घनता १.२ धरली तर एका लिटरमध्ये अझोबेंझीनचे साधारण ३.३ मोल भरतात. अल्कॉक्सी अझोबेंझीनची मोलर शोषकता ३५० नॅनोमीटरच्या आसपासच्या शिखरावर २५,००० च्या घरात असते. गुणाकार केला की दर सेंटिमीटरला ८२,००० इतकं शोषण येतं, म्हणजे एका मायक्रॉनला ८ हून अधिक. शोषण १ असतं तेव्हा दहातले नऊ हिस्से प्रकाश अडलेला असतो. म्हणजे तुमच्या फिल्मच्या वरच्या ०.१२ मायक्रॉनमध्येच नव्वद टक्के प्रकाश संपतो. तुमची फिल्म एक मायक्रॉनची असेल तर खालचा बहुतेक भाग सुरुवातीला अंधारातच बसलेला असतो. प्रकाशाने अझोबेंझीनचं सरळ 'ट्रान्स' रूप वाकलेल्या 'सिस' रूपात जातं. सिस रूप ३६५ ला ट्रान्सपेक्षा कमी शोषतं, त्यामुळे वरचा थर उजळत जातो आणि प्रकाश हळूहळू खाली सरकतो. पण ते व्हायला वेळ लागतो, आणि वरच्या थरातले सिस रेणू तोवर परतही येत असतात.

याच्यावर कडी म्हणजे तुमचं यंत्र. साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर ३ च्या वरचं शोषण विश्वासाने मोजू शकत नाही. भटका प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोहोचतो आणि शिखराचा माथा सपाट दिसू लागतो. शोषण ८ वरून ६ वर आलं तरी आलेख जागचा हलत नाही. "फिल्ममध्ये बदल होत नाही" हे वाक्य लिहिण्याआधी शिखर सपाट आहे का ते बघा. माझा अंदाज आहे की तुमच्या तक्रारीतला निम्मा भाग तिथेच सुटेल. तेच पॉलिमर पातळ द्रावणातून १०० नॅनोमीटरच्या आसपास कोट करा आणि पुन्हा मोजा. द्रावणाचा आणि फिल्मचा स्पेक्ट्रम एकाच आलेखावर, शिखरं एका उंचीला आणून ठेवा. फिल्मचं शिखर कमी तरंगलांबीकडे सरकलेलं असेल तर अझोबेंझीन एकमेकांना समांतर चिकटून बसलेत. सहा कार्बनच्या स्पेसरला हे फार सोपं जातं. असे चिकटलेले रेणू वळायला नाखूश असतात.

एलईडीचंही तपासून घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा ऑनलाइन "यूव्ही" म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या एलईडी पुष्कळदा ३९५ ते ४०५ नॅनोमीटरच्या असतात. ३९५ ला ट्रान्सचं शोषण शिखराच्या मानाने फार कमी, त्यामुळे तिथे सिसचा वाटाही कमीच राहतो. कुठल्याही मिनी-स्पेक्ट्रोमीटरसमोर धरून एकदा शिखर बघितलं की प्रश्न मिटतो. खऱ्या ३६५ च्या एलईडीलाही दृश्य प्रकाशाची शेपूट असते आणि ती सिसला परत ट्रान्स करते, म्हणून पुढे काळ्या काचेचा यूव्ही फिल्टर लावा. डोळ्यांना यूव्हीचा चष्मा हवाच.

आता जागेचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ट्रान्स अझोबेंझीन सपाट आणि लांबट असतं, दोन टोकांच्या कार्बनमध्ये साधारण ९ अँगस्ट्रॉम. सिस होताना ते वाकतं आणि हे अंतर ५.५ च्या आसपास येतं. ध्रुवीयता शून्यावरून ३ डीबायपर्यंत चढते. द्रावणात बाजूचे रेणू सरकून वाट देतात. काचेसारख्या घट्ट पॉलिमरमध्ये साखळ्या जागच्या हलत नाहीत, आणि वळू पाहणाऱ्या रेणूची अवस्था भरलेल्या पीएमपीएमएलच्या बसमध्ये छत्री उघडणाऱ्या माणसासारखी होते. प्रत्येक रेणूच्या वाट्याला आलेली मोकळी जागा वेगळी, म्हणून फिल्ममध्ये सिसचं परतणं एका साध्या घातांकी वक्रावर बसत नाही. अडचणीत, ताणाखाली सिस झालेले रेणू पटकन उलटतात आणि बाकीचे द्रावणाच्याच गतीने सावकाश परततात. तुमच्या विदेत सुरुवातीला झपकन घसरण आणि मग लांब शेपूट दिसत असेल, तर ते मोजमाप चुकलंय म्हणून काढून टाकू नका. ती मॅट्रिक्सची, म्हणजे भोवतालच्या पॉलिमरची, सही आहे.

मॅट्रिक्सचा हा प्रभाव बघायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही चष्म्याच्या दुकानात उन्हात काळे होणारे चष्मे मिळतात. त्यांच्या प्लास्टिकच्या भिंगांत बहुतेक नॅफ्थोपायरॅनसारखे डाय असतात. यूव्हीने रेणूतलं एक वलय उघडतं आणि रंग येतो, उष्णतेने ते आपोआप मिटतं. म्हणून तोच चष्मा एप्रिलच्या दुपारी डिसेंबरमधल्या उन्हाइतका गडद होत नाही, कारण मिटण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो. गाडीत बसल्यावर तो फारसा काळा होत नाही, कारण पुढची काच यूव्ही अडवते. गिऱ्हाईक म्हणतं भिंग खराब आहे, पण भिंग नियमानेच वागत असतं. या धंद्यातली जुनी अडचण अशी की भिंगाला कडकपणा हवा आणि डायला मऊपणा. कडक भिंगात डाय मंदावतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो वेगळ्या मऊ थरात ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओच्या रिचर्ड इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दुसरा मार्ग दाखवला. त्यांनी डायच्या रेणूलाच पीडीएमएसची, म्हणजे सिलिकोनची, लवचीक शेपटी जोडली. ती शेपटी डायभोवती गुंडाळून स्वतःपुरता मऊ कोपरा तयार करते. भिंग तेवढंच कडक राहतं आणि रंग मात्र कितीतरी लवकर जातो. डायचा रंगीत गाभा तोच, बदललं ते फक्त त्याच्या भोवतीचं वातावरण. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे काम आधी सांगते.

तुमचं काम मात्र चष्म्याच्या उलट टोकाचं आहे. तुम्हाला बदल टिकायला हवाय, आणि सांगितल्यावर पुसायलाही हवाय. इथे ठरवायचं की अपवर्तनांक बदलायचा तो कशाने. ट्रान्सचं सिस करून ठेवायचं आणि त्या फरकावर ग्रेटिंग उभी करायची, हा एक मार्ग. त्यात अपवर्तनांकाचा फरक हजारांश ते शतांश इतकाच मिळतो आणि सिस जसजसं परततं तशी ग्रेटिंग विरते. साध्या अझोबेंझीनचं सिस खोलीच्या तापमानाला दोनेक दिवसांत निम्मं होतं.

दुसरा मार्ग दिशा बदलण्याचा, आणि तुमच्यासाठी तोच योग्य आहे. अझोबेंझीन ध्रुवित प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात शोषतं. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाला समांतर असलेला रेणू पुन्हा पुन्हा शोषतो, वाकतो, परततो आणि दर वेळी थोडा वेगळ्या दिशेला जाऊन बसतो. फिरता फिरता एखादा रेणू ध्रुवीकरणाला काटकोनात आला की शोषण थांबतं आणि तो तिथेच राहतो. थोड्या वेळात बहुतेक रेणू काटकोनात गोळा होतात आणि फिल्म द्विअपवर्तनी होते, म्हणजे दोन दिशांना तिचा अपवर्तनांक वेगळा होतो. ध्रुवित प्रकाशाने अशी दिशा निर्माण होते हे वायगर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्येच पाहिलं होतं. बल्गेरियातल्या तोदोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मिथाइल ऑरेंज हा अझो डाय पीव्हीए या साध्या पॉलिमरमध्ये मिसळून त्यावर ध्रुवीकरणाचे होलोग्राम लिहिले आणि पुसले. महागडा रेणू लागला नव्हता, हे लक्षात ठेवा.

या मार्गात सिस जितक्या लवकर परतेल तितकं बरं, कारण फेऱ्या जास्त होतात. म्हणून इथे डाय बदलण्याला अर्थ आहे: एका टोकाला अमिनो आणि दुसऱ्या टोकाला नायट्रो असलेला डिस्पर्स रेड १ च्या घराण्यातला अझो. त्याचं शिखर ४९० नॅनोमीटरच्या आसपास असतं, ट्रान्स आणि सिस यांचे पट्टे एकमेकांवर येतात आणि ४८८ किंवा ५३२ च्या एकाच लेझरने दोन्ही दिशांची ये-जा चालू राहते. यूव्हीची गरजच उरत नाही. ज्या डायचं सिस महिनोन्‌महिने टिकतं त्याच्या मागे इथे लागू नका. अझो गटालगतच्या (ऑर्थो) जागांवर फ्लोरीन बसवलेले अझो हिरव्या आणि निळ्या प्रकाशावर चालतात, फार टिकाऊ असतात आणि वाचायला रोमांचक आहेत, पण त्यांची जागा पहिल्या मार्गात. मासाहिरो इरी यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलेल्या डायअरिलइथीनचंही तेच. ते उष्णतेने परतत नाही, वळताना फार जागाही मागत नाही. स्मृती किंवा ऑप्टिकल स्विच करायचा असेल तर माझी पहिली पसंती त्यालाच. दिशेच्या ग्रेटिंगला त्याचा उपयोग नाही.

मुख्य साखळीचं बघू. लिहिलेली दिशा टिकायची तर टीजी, म्हणजे काचेसारखं कडक पॉलिमर ज्या तापमानाला मऊ पडतं ते तापमान, खोलीच्या तापमानाच्या बरीच वर हवी. सहा कार्बनचा स्पेसर टीजी खाली ओढतो आणि वर रेणूंना चिकटायला मदत करतो. दोन कार्बनचा स्पेसर ठेवा. मेथॅक्रिलेट ठीक आहे. पीएमएमएची, म्हणजे ॲक्रिलिक काचेची, टीजी १०५ अंशांच्या आसपास आणि अपवर्तनांक १.४९, दोन्ही सोयीचे. नुसत्या अझो मोनोमरचं होमोपॉलिमर नको, एमएमएबरोबर (पीएमएमएच्या मोनोमरबरोबर) कोपॉलिमर करा. किती टक्के डाय घालायचा ते फिल्मची जाडी सांगेल. वरचाच हिशोब उलटा करा: २ मोल टक्के अझो, २५,००० शोषकता, तर मायक्रॉनला साधारण ०.५५. दोन मायक्रॉनच्या फिल्ममध्ये शोषण १.१ येतं आणि प्रकाश तळापर्यंत पोहोचतो. २, ५ आणि १० मोल टक्के अशी मालिका केलीत तर प्रबंधाला लागेल तेवढं सांगण्यासारखं मिळेल. ५३२ ने लिहिताना तुम्ही शिखराच्या उतारावर असता, त्यामुळे थोडी जास्त जाडी परवडते.

संश्लेषणात एक अडचण हमखास येते. सुगंधी अझो गट, आणि विशेषतः नायट्रो असलेला, साखळी वाढवणारे रॅडिकल खातो. एआयबीएन या आरंभकाने पॉलिमरायझेशन रेंगाळतं, उत्पन्न कमी येतं, साखळ्या आखूड राहतात. डायचं प्रमाण कमी असेल तर हे निभावतं. ऑक्सिजन नीट काढा, म्हणजे गोठवणं, व्हॅक्यूम, वितळवणं, तिन्ही मनापासून. दुसरा उपाय, आधी साधं पॉलिमर करून डाय मागाहून जोडायचा. साखळीची लांबी हाताशी राहते म्हणून मला तो जास्त आवडतो. कुठल्याही मार्गाने केलंत तरी मिथेनॉलमध्ये पुन्हा पुन्हा अवक्षेपित करा. वरचं मिथेनॉल रंगहीन झालं म्हणून थांबू नका, एनएमआर घ्या. ५.५ आणि ६.१ पीपीएमला मेथॅक्रिलेटच्या दुहेरी बंधाचे दोन छोटे सिग्नल दिसत असतील तर मोनोमर अजून आत आहे. तो प्लास्टिसायझरसारखा, म्हणजे पॉलिमर मऊ करणाऱ्या पदार्थासारखा, वागतो, टीजी पाडतो, आणि लिहिलेली ग्रेटिंग रात्रीत विरली की दोष डायला दिला जातो.

फिल्म काढणं या कामात सगळ्यात कमी लेखलं जातं. जून ते सप्टेंबर पुण्यात टीएचएफमधून स्पिन कोट करू नका. टीएचएफ इतक्या वेगाने उडतं की काच थंड पडते, हवेतली वाफ ओल्या फिल्मवर बारीक थेंबांनी बसते आणि फिल्म दुधाळ होते. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर गोल खड्ड्यांची जाळी दिसते. अशी फिल्म प्रकाश विखुरते आणि विवर्तनाचा क्षीण सिग्नल त्यात बुडतो. क्लोरोबेंझीन किंवा सायक्लोहेक्झॅनोन वापरा, दोन्ही सावकाश उडतात. द्रावण ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून सरळ काचेवर सोडा. मग व्हॅक्यूम ओव्हनमध्ये टीजीच्या जरा वर रात्रभर ठेवा, कारण हे द्रावक चिवट असतात आणि थोडेसे उरले तरी टीजी कित्येक अंशांनी खाली येते. हे सगळं पिवळ्या किंवा लाल दिव्यात करा, आणि तुमच्या डायला लाल बरा. ट्यूबलाइटखाली ठेवलेला नमुना कोणत्या अवस्थेत आहे हे कुणालाच माहीत नसतं. डायोड-ॲरे स्पेक्ट्रोमीटर वापरत असाल तर त्याचा पूर्ण पांढरा झोत मोजतानाच नमुना बदलतो. शटर मोजक्या क्षणापुरतं उघडा.

मोजमापासाठी परस्परांना काटकोनातले दोन पोलरायझर, मध्ये फिल्म, ६३३ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेझर आणि ४५ अंशांवर ध्रुवित केलेला लिहिणारा हिरवा लेझर एवढी मांडणी पुरे. द्विअपवर्तन ०.०५ आणि जाडी एक मायक्रॉन असेल तर डिटेक्टरवर सहा टक्के प्रकाश यायला हवा. साइनच्या वर्गाचं सूत्र घालून स्वतः पडताळा. लिहिणारा झोत बंद केल्यावर सिग्नल थोडा लगेच घसरतो आणि मग स्थिरावतो. स्थिरावलेला भाग हीच तुमच्या पॉलिमरची खरी कमाई, प्रबंधात तो आकडा द्या, शिखराचा नव्हे. एक नियंत्रण-प्रयोग सोडू नका: तितकंच शोषणारा पण न वळणारा डाय त्याच पीएमएमएमध्ये घालून तोच लेझर टाका. तिथेही सिग्नल आला तर तुम्ही प्रकाशाचा परिणाम मोजत नसून लेझरने तापलेल्या फिल्मचा ताण मोजत आहात.

ग्रेटिंगसाठी ५३२ चे दोन झोत लंबापासून १५-१५ अंशांवर आणले तर रेषांमधलं अंतर १.०३ मायक्रॉन येतं आणि ६३३ चा सरळ आलेला झोत साधारण ३८ अंशांवर विवर्तित होतो. डिटेक्टर तिथे लावा. पुसायला वर्तुळाकार ध्रुवित हिरवा प्रकाश द्या, म्हणजे फिल्मच्या प्रतलातली सगळी दिशा सारखी होते.

पुसल्यानंतरही तो ३८ अंशांवरचा ठिपका शिल्लक राहिला, तर दिशेच्या ग्रेटिंगबरोबर पृष्ठभागावर उठावही आलाय असं समजा. १९९५ मध्ये कॅनडातल्या नाटान्सोन आणि रोशाँ यांच्या गटाने आणि अमेरिकेत लोवेलला सुकांत त्रिपाठी व जयंत कुमार यांच्या गटाने हे एकाच सुमारास दाखवलं: टीजीच्या कितीतरी खाली, नुसत्या व्यतिकरणाच्या प्रकाशाने अझो पॉलिमरचं द्रव्य वाहतं आणि शेकडो नॅनोमीटर उंचीच्या लाटा तयार होतात. कायमची ग्रेटिंग हवी असणाऱ्याला ही पर्वणी आहे, तुम्हाला नाही, कारण ती पूर्ण सपाट करायला फिल्म टीजीच्या वर तापवावी लागते. एएफएमखाली, म्हणजे पृष्ठभागाचे उंचवटे मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, एकदा खात्री करून घ्या. उठाव टाळायला दोन्ही झोतांचं ध्रुवीकरण आपतन-प्रतलाला लंब ठेवा, त्या भूमितीत द्रव्य फार कमी हलतं. डायचं प्रमाण मालिकेतल्या खालच्या टोकाला ठेवा आणि साखळ्या लांब ठेवा, गुंतलेल्या लांब साखळ्या सहज वाहत नाहीत. १० मोल टक्क्यांच्या नमुन्यात ठिपका पुसल्यावरही राहतो आणि २ टक्क्यांच्या नमुन्यात जातो असं दिसलं, तर ग्रेटिंगसाठी २ टक्क्यांचाच नमुना घ्या आणि हवा असलेला सिग्नल जाडी वाढवून मिळवा.